एक मत, वेगळं मोल

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मुंबईच्या विधान भवनात जो आमदार गुलाबी मतपत्रिका घेऊन मतदान कक्षात जातो, त्याच्या मताचं मूल्य १७५ असतं. त्याच दिवशी, त्याच रंगाच्या मतपत्रिकेवर सिक्कीमचा आमदार मत देतो, त्याचं मूल्य ७. उत्तर प्रदेशात ते २०८, गोव्यात २०. महाराष्ट्राच्या एका आमदाराची बरोबरी करायला सिक्कीमचे पंचवीस आमदार लागतात आणि तिथल्या विधानसभेत आमदार आहेतच मुळी बत्तीस. निवडणूक आली की हे आकडे वर्तमानपत्रांत चौकटीत छापून येतात, निकाल लागला की आपण ते विसरून जातो. हे पुस्तक त्या चौकटीबद्दल आहे. 'एक माणूस, एक मत' हा नियम बाजूला ठेवून मतांना कमीजास्त मोल कुठे कुठे दिलं जातं, ते कोण ठरवतं, कोणत्या मापाने ठरवतं आणि त्यामुळे प्रत्यक्षात कुणाच्या हातात काय येतं, एवढाच त्याचा विषय. अभ्यासक याला भारित मतदान म्हणतात.

आमदाराच्या मताचं मूल्य काढायची रीत राज्यघटनेच्या ५५व्या कलमात दिलेली आहे. राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने. महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ आणि आमदार २८८, म्हणून १७५. इथे कुणीही विचारेल, महाराष्ट्र पाच कोटींचा केव्हा होता? १९७१ साली होता. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे गणित १९७१ च्या जनगणनेला बांधलं, आणि २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती गाठ २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत कायम ठेवली. कुटुंबनियोजन मनावर घेतलेल्या राज्यांना त्याची शिक्षा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्याचा परिणाम किती मोठा आहे हे तीन राज्यं शेजारी ठेवली की दिसतं. आज तामिळनाडूच्या आमदाराचं मतमूल्य १७६, महाराष्ट्राच्या १७५ आणि बिहारच्या १७३. तिघे जवळपास बरोबरीत. तेच गणित २०११ च्या जनगणनेवर केलं तर तामिळनाडू ३०८, महाराष्ट्र ३९० आणि बिहार ४२८ वर जातो. गोठवण्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण आजच्या आमदाराचं मत पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांच्या नावावर मोजणं अनंतकाळ चालणार नाही, आणि ती गाठ सुटेल तेव्हा होणारा वाद साधा नसेल.

खासदारांचं मूल्य वेगळ्या रीतीने येतं. सगळ्या आमदारांच्या मतांची जी बेरीज होते, तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचं, म्हणजे एका पारड्यात सगळ्या विधानसभा आणि दुसऱ्यात संसद बरोबरीने बसतात. २०२२ मध्ये आमदारांची बेरीज होती ५,४३,२३१ आणि खासदार ७७६, म्हणून प्रत्येक खासदाराचं मत ७०० चं. त्या निवडणुकीत द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मूल्याची मतं पडली. पुढे त्याच वर्षी त्याच खासदारांनी उपराष्ट्रपती निवडला, तेव्हा मात्र प्रत्येकाचं मत एकच धरलं गेलं. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत विधानसभांचा सहभाग नसतो, त्यामुळे तोलायलाच काही उरत नाही.

आता या लोकसंख्येच्या मापाशेजारी जीएसटी परिषद ठेवून पाहा. २०१६ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या २७९-अ या कलमानुसार परिषदेत टाकलेल्या एकूण मतांपैकी एकतृतीयांश वजन केंद्राचं आणि दोनतृतीयांश वजन सगळ्या राज्यांचं मिळून. राज्याराज्यांत फरक नाही. राष्ट्रपती निवडताना एकास पंचवीस असलेले सिक्कीमचे आणि महाराष्ट्राचे प्रतिनिधी इथे तंतोतंत सारखे. ठराव मंजूर व्हायला हजर राहून मत देणाऱ्यांच्या भारित मतांपैकी किमान तीनचतुर्थांश मतं लागतात. अठ्ठावीस राज्यं आणि विधानसभा असलेले तीन केंद्रशासित प्रदेश असे एकतीस जण धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन टक्क्यांहूनही थोडं कमी येतं. एकतीसच्या एकतीस राज्यं एकत्र आली तरी त्यांची मतं सदुसष्ट टक्क्यांच्या आतच. केंद्राशिवाय काहीही मंजूर होऊ शकत नाही. केंद्राला मात्र वीस राज्यं सोबत घेतली की पुरतं, आणि सगळ्यांनी मतदान केलं तर केंद्राला अडवायला बारा राज्यं एकजुटीने उभी राहावी लागतात.

केंद्राचं वजन एकतृतीयांश आहे, ही माहिती परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. त्या वजनाला तीनचतुर्थांशाच्या अटीची जोड मिळाली की त्याचा नकाराधिकार होतो, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. परिषदेने सुरुवातीची वर्षं सगळं एकमताने केलं. डिसेंबर २०१९ मध्ये लॉटरीवरच्या कराच्या प्रश्नावर पहिल्यांदा मतदान झालं. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहित मिनरल्स प्रकरणात परिषदेच्या शिफारशी केंद्रावर आणि राज्यांवर बंधनकारक नाहीत, असा निकाल दिला, आणि त्या ओघात परिषदेतल्या मतांच्या या वाटणीचीही चर्चा केली. घटना, कर आणि साधा भागाकार इतके एकत्र आलेले मला दुसऱ्या कुठल्या कलमात दिसलेले नाहीत.

वजन आणि अट या दोन गोष्टी जोडीनेच वाचाव्या लागतात. माझ्या मते सगळ्या विषयाचा कणा हाच आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

पुण्यात नव्या-जुन्या असंख्य इमारतींना रहिवासी सरसकट 'सोसायटी' म्हणतात. त्यातल्या काही खरोखर सहकारी गृहनिर्माण संस्था असतात, काही महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खाली नोंदलेल्या 'अपार्टमेंट' असतात. संस्थेच्या सर्वसाधारण सभेत एका सदनिकेचं एक मत, मग ती वन-बीएचके असो की गच्चीसकट चार खोल्यांची. अपार्टमेंटमध्ये तसं नाही. तिथे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये प्रत्येक मालकाचा सामाईक जागेतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो, आणि उपविधींप्रमाणे मतही त्याच टक्क्यांनी मोजलं जातं. तळमजल्यावरची दुकानं बिल्डरने स्वतःकडे ठेवली असतील, तर वार्षिक सभेत त्याचा हात एकच दिसला तरी त्यामागे पाच-सहा बिऱ्हाडांइतकं मत असू शकतं.

समजा, जुना बंगला पाडून बांधलेल्या एका लहान इमारतीत चार मालक आहेत. तिघांचे हिस्से प्रत्येकी २६ टक्के आणि चौथ्याचा २२. साध्या बहुमताचा ठराव आला. २६ वाले कोणीही दोघे एकत्र आले की ५२ होतात आणि ठराव मंजूर होतो. चौथ्याने त्यांच्यापैकी एकाला साथ दिली तर होतात ४८, म्हणजे ठराव पडला. तिघांपैकी दोघे जमले असतील तर त्याची गरज नाही आणि जमले नसतील तर त्याचा उपयोग नाही. त्याने कसंही मत दिलं तरी निकाल बदलत नाही. २२ टक्के हिस्सा, २२ टक्के देखभाल खर्च आणि अधिकार शून्य. आता अट दोनतृतीयांशाची करा. कोणत्याही दोघांनी भागत नाही, कोणतेही तिघे चालतात. एका फटक्यात चौथा मालक बाकीच्यांच्या बरोबरीला आला, हिस्सा तोच असताना. पुढे जाऊन अट तीनचतुर्थांशाची केली तर २६ वाले तिघे मिळून ७८ होतात, आणि त्यांतले दोघे व चौथा मिळून ७४. चौथा पुन्हा शून्यावर. हे गणित कागदावर एकदा स्वतः करून पाहिलं की टक्केवारीवरून अधिकार मोजायची सवय सुटते.

हे असंच एका खऱ्या सरकारी मंडळात घडलं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या नासाउ काउंटीच्या कारभारी मंडळात गावांच्या लोकसंख्येच्या मानाने मतं वाटलेली असत. १९६४ ची वाटणी होती ३१, ३१, २८, २१, २ आणि २. एकूण ११५ आणि बहुमताला ५८. पहिल्या तिघांपैकी कोणतेही दोघे जमले की ५८ ची मर्यादा ओलांडली जाते, आणि त्यांतल्या एकाला बाकीच्या तिघांनी मिळून साथ दिली तरी ५६ च्या पुढे जाता येत नाही. नॉर्थ हेम्पस्टेडची २१ मतं आणि सर्वांत लहान दोघांची २-२ मतं यांचं बळ सारखंच होतं, म्हणजे काहीच नव्हतं. जॉन बॅनझाफ या तरुण वकिलाने १९६५ मध्ये कायद्याच्या एका नियतकालिकात हे मांडलं. किती वेगवेगळ्या जुळण्यांमध्ये एखाद्याचं मत निकाल फिरवू शकतं हे मोजून त्याने अधिकाराचं माप काढलं, आणि ते आज त्याच्या नावाने ओळखलं जातं. लायोनेल पेनरोझ यांनी तोच विचार १९४६ मध्येच मांडला होता, शॅपली आणि शुबिक यांनी १९५४ मध्ये आपलं वेगळं माप दिलं होतं. पण लोकांच्या रोजच्या कारभारातली खोट दाखवून देण्याचं काम बॅनझाफने केलं. नासाउची ही पद्धत १९९३ मध्ये न्यायालयात टिकली नाही आणि १९९६ पासून तिथे एकोणीस मतदारसंघांतून निवडून येणारं विधिमंडळ आलं.

युरोपातलं उदाहरण तर आणखी सोपं आहे. १९५८ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाच्या मंत्रिपरिषदेत फ्रान्स, जर्मनी आणि इटली यांना प्रत्येकी ४ मतं, बेल्जियम आणि नेदरलँड्सला २-२ आणि लक्झेंबर्गला १. एकूण १७, आणि आयोगाकडून आलेल्या प्रस्तावाला १२ लागत. लक्झेंबर्ग सोडून सगळ्यांची मतं सम संख्येत. त्यांची बेरीज ११ कधीच होऊ शकत नाही, आणि ती ११ झाल्याखेरीज लक्झेंबर्गचं एक मत कामाला येत नाही. १९७३ मध्ये नवे देश येऊन वाटणी बदलेपर्यंत अशा प्रस्तावांवर एका सार्वभौम देशाचं मत केवळ मोजण्यापुरतं होतं. लोकसंख्येच्या मानाने मात्र लक्झेंबर्गला त्याच्या वाट्याच्या कितीतरी पट जास्त मत दिलेलं होतं, आणि ते उदारपणाचं लक्षण मानलं जात होतं. आजच्या युरोपीय संघाने हे आकडे सोडून दिले आहेत. २०१४ पासून तिथे ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या अशी दुहेरी अट आहे.

कंपन्यांविषयी फार लिहीत नाही, कारण तिथे भांडवलाप्रमाणे मत हे सर्वांनी गृहीतच धरलेलं असतं. हात वर करून मतदान झालं तर भागधारकाचं एक मत, मोजणी मागितली की शेअरप्रमाणे. विशेष ठरावाला पंचाहत्तर टक्के लागतात, म्हणून व्यवहारात 'एक्कावन्न' इतकाच 'सव्वीस टक्के' हा आकडाही मोलाचा. मताला कमी मोल आणि लाभांश थोडा जास्त, असेही शेअर असतात. टाटा मोटर्सने २००८ मध्ये असे शेअर आणले, त्यांना मताचा हक्क दशांश होता. २०२४ मध्ये ते साध्या शेअरमध्ये बदलून संपवले गेले.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली भरणारी धनको समिती मात्र घराघरांत पोहोचली आहे. जितकं कर्ज तितकं मत, आणि कंपनी कुणाच्या हाती सोपवायची त्या योजनेला ६६ टक्के मतं लागतात. २०१८ पासून, बुडालेल्या बिल्डरकडे पैसे अडकलेल्या घर-खरेदीदारांनाही वित्तीय धनको मानलं गेलं. ते हजारोंनी असतात, म्हणून त्यांच्या वतीने एक अधिकृत प्रतिनिधी मत देतो, आणि मत देणाऱ्या खरेदीदारांच्या भारित मतांपैकी निम्म्याहून जास्त मतांचा जो कौल पडेल तो सगळ्या गटाचा कौल समजून त्यांची सगळी मतं एका बाजूला टाकली जातात. विरोध करणाऱ्याचं मत त्याच्या इच्छेविरुद्ध मोजलं जातं. विस्कळित माणसांना बँकांपुढे वजन यावं म्हणून ही तरतूद झाली आणि ती मला योग्य वाटते. त्याच समितीत सिमेंट, सळई, मजूर पुरवणाऱ्या लहान ठेकेदारांना मतच नाही. कितीही थकबाकी असली तरी त्यांनी फार तर बैठकीला बसायचं. ही गोष्ट मला अजिबात योग्य वाटत नाही.

जगाच्या पातळीवरची सर्वांत ठळक भारित मतं आहेत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत, आणि त्याच्या जन्मावेळी एक मराठी माणूस तिथे हजर होता. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स इथे चव्वेचाळीस देशांची परिषद भरली. भारत स्वतंत्र नव्हता, पण त्याचं शिष्टमंडळ होतं आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, महाडजवळच्या नाते गावचे. प्रत्येक देशाला २५० मूलभूत मतं आणि त्याशिवाय वर्गणीच्या दर लाख डॉलरला एक मत, असा नियम ठरला. म्हणून सगळी लढाई वर्गणीच्या आकड्यावर झाली. इतर वेळी वर्गणी कमी करून घ्यायला धडपडणारे देश इथे ती वाढवून मागत होते. भारताला ४० कोटी डॉलर ठरले, म्हणजे ४,२५० मतं. अमेरिकेला २७५ कोटी, म्हणजे २७,७५०. वर्गणीत भारत सहावा होता. रशिया निधीत आलाच नाही, त्यामुळे पहिल्या पाचांत येऊन स्वतःचा संचालक नेमायचा हक्क भारताला मिळाला. देशमुखांना आपण १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारा बाणेदार माणूस म्हणून ओळखतो. पारतंत्र्यातल्या देशासाठी मतांचं वजन वाढवून मागणाऱ्या शिष्टमंडळातले देशमुखही तितकेच लक्षात ठेवायला हवेत. आज निधीत भारताची मतं सुमारे २.६ टक्के आहेत. अमेरिकेची सुमारे साडेसोळा टक्के, आणि मोठ्या निर्णयांना लागतात ८५ टक्के. अमेरिकेशिवाय ८५ होत नाहीत.

पैशाप्रमाणे मत ही कल्पना पूर्वी नागरिकांनाही लावली जात असे. प्रशियात १८४९ पासून १९१८ पर्यंत करदात्यांचे तीन वर्ग होते. कराच्या एकतृतीयांश रकमेचा भरणा करणारे मूठभर श्रीमंत आणि तळाचे असंख्य लोक सारखेच प्रतिनिधी निवडत. बेल्जियममध्ये १८९३ नंतर मालमत्ता आणि शिक्षण पाहून एकाच माणसाला तीनपर्यंत मतं मिळत. ब्रिटनमध्ये विद्यापीठाचं आणि धंद्याच्या जागेचं जादा मत रद्द व्हायला १९४८ उजाडलं.

आपल्याकडे मात्र याच्या नेमक्या उलट टोकाचा एक प्रसंग घडला आणि त्याची आठवण झाल्याशिवाय मला हा विषय पुरा वाटत नाही. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्य मतदाराला दोन मतं मिळाली होती, एक आपल्या स्वतंत्र मतदारसंघात आणि दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. जादा मत दुबळ्याला देण्याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. गांधीजींचं उपोषण झालं, येरवड्यात वाटाघाटी झाल्या, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा १४८ झाल्या आणि दुसरं मत गेलं. जागा वाढल्याने त्या मताची भरपाई होत नाही, असं बाबासाहेबांनी पुढे लिहिलं. ते मत हाती असतं तर सर्वसाधारण मतदारसंघातल्या सवर्ण उमेदवारालाही अस्पृश्य वस्तीत मत मागायला यावं लागलं असतं, हा त्यांचा मुद्दा होता. निकाल फिरवण्याची ताकद जागांच्या संख्येत नसते, हे बॅनझाफच्या वीस वर्षं आधी त्यांनी राजकारणाच्या भाषेत ओळखलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी प्रत्येक मताला एकच मोल असेल हे सांगताना समाजात आणि अर्थकारणात ते मोल सारखं नाही, याची जाणीवही दिली. समान मताचा त्यांचा आग्रह भाबडा नव्हता.

मताला वजन लावायला ठाम नकार देणाऱ्या संस्थाही याच मातीत वाढल्या. सहकारी साखर कारखान्यात एक एकर उसाच्या मालकाचं आणि पन्नास एकरवाल्याचं मत एकच. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने ते तसं बांधून दिलं आहे. कारखान्यांच्या राजकारणात पुढे जे झालं ते झालं, पण ऊस घालण्याच्या मापाने मत वाटलं असतं तर लहान शेतकरी या चळवळीत आलाच नसता, असं माझं ठाम मत आहे. क्रिकेट नियामक मंडळात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशी एका राज्याची तीन मतं आहेत. 'एक राज्य, एक मत' ही लोढा समितीची शिफारस सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केली आणि २०१८ मध्ये सैल केली. मुंबईचं क्रिकेट पाहून वाढलेल्या माणसाला तो निकाल गोड वाटतो, ईशान्येतल्या राज्याला कसा वाटत असेल याचा विचार करायला हवा.

पुढच्या प्रकरणांत या प्रत्येक ठिकाणाचे नियम, त्यांचा इतिहास आणि गणितं सविस्तर दिली आहेत. गणित बेरीज-भागाकारापलीकडे जात नाही, त्याला घाबरून पानं उलटू नका. आणि अपार्टमेंटमध्ये राहत असाल, तर पुस्तक वाचायला घेण्यापूर्वी डीड ऑफ डिक्लरेशन काढा. आपल्या आणि इतरांच्या हिश्शांची टक्केवारी आणि कोणत्या ठरावाला किती मतं लागतात, हे एका कागदावर उतरवून घ्या. तिसरं प्रकरण वाचताना तो कागद जवळ असू द्या.